हरत्या संघाच्या बाजूने: देहूरोडच्या फुटबॉल प्रेक्षकांचा जाहीरनामा

आम्ही देहूरोडची माणसं. बाजारपेठेतली, विकासनगरची, थॉमस कॉलनीची, एम. बी. कॅम्पची, शेलारवाडीची, किवळे-मामुर्डीची. आमच्यातलं कुणी डेपोत कामाला आहे, कुणी तळवड्याच्या नाहीतर चाकणच्या कंपनीत पाळीवर जातं, कुणी दुकान सांभाळतं, कुणी शाळेत शिकतं, कुणी शिकवतं. बहुतेकांनी शाळा सुटल्यावर बॉलला पाय लावलेला नाही. मैदानाच्या कडेला उभं राहणं एवढंच आमचं काम. ते काम आजपासून आम्ही ठरवून, एकमेकांना बांधील राहून करणार आहोत.

आमचा संघ जिंकतो त्यापेक्षा हरतो जास्त. नेट फाटलेलं असतं, किट मागच्या वर्षीचं असतं, पुण्यात सामना असला की भाड्याचे पैसे कुणी घालायचे यावर चर्चा होते. गावात विचारलं तर उत्तर मिळतं, आधी जिंकून दाखवा, मग येऊ बघायला. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. गर्दी जिंकण्यामुळे वाढते हा समज चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे म्हणूनच या चळवळीला अर्थ आहे. आपली कुणीतरी वाट बघतंय, आपण गेलो नाही तर विचारणा होईल, आपल्या हाताला तिथे काहीतरी काम आहे, असं जिथे माणसाला वाटतं तिथे तो जातो. एकदा गेला की पुढच्या वेळी भावाला घेऊन जातो. गर्दी अशी वाढते. संघ तळाला असला तरी वाढते.

याचे दाखले आहेत, आणि ते जवळचे आहेत.

१ जून २०१८. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं. सुनील छेत्रीने तीन गोल केले. देशाचा संघ, दणदणीत विजय, कर्णधाराची हॅटट्रिक, आणि बघायला माणसं होती फक्त २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक व्हिडिओ टाकला. आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण स्टेडियमवर येऊन द्या, अशा अर्थाची ती हात जोडून केलेली विनवणी होती. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा होता. त्या दिवशी सगळी तिकिटं संपली आणि मुंबईच्या पावसात भिजत लोकांनी सामना पाहिला. संघ तोच, मैदान तेच, शहर तेच. मध्ये काय घडलं? कुणीतरी लोकांना नाव घेऊन हाक मारावी तसं बोलावलं. पाच गोलांनी जे झालं नव्हतं ते त्या बोलावण्याने झालं.

पण विनवणी रोज करता येत नाही. एका दिवसाची गर्दी आणि हंगामाची गर्दी यांत फरक आहे, आणि आम्हाला दुसरी हवी आहे. त्यासाठी कोल्हापूरकडे बघावं लागतं.

महाराष्ट्रात फुटबॉलला घरचा खेळ म्हणणारं गाव कुठलं, असं विचारलं तर कुणीही कोल्हापूरच सांगेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ असे संघ उतरतात तेव्हा हजारो माणसं येतात. टीव्हीवर मोठमोठ्या नावांचे सामने चालू असताना येतात. हे संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये नाहीत, आणि कोल्हापूरकराला त्याचं फारसं सोयरसुतकही नाही. बाहेरून आलेल्याला प्रश्न पडतो, की एवढी माणसं कशासाठी?

उत्तर संघांच्या नावांतच आहे. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा, त्या पेठेतल्या पोरांची वर्षभर बसण्या-उठण्याची जागा. तिथेच गणपती बसतो, शिवजयंती होते, रक्तदान होतं, कुणाच्या घरी मयत झालं तर माणसं तिथूनच निघतात. फुटबॉलचा संघ या सगळ्यातून निघालेला आहे. त्यामुळे अंतिम सामना हरला म्हणून तालीम बंद पडत नाही आणि दुसऱ्या पेठेचा संघ यंदा जोरात आहे म्हणून कुणी पेठ बदलत नाही. मैदानात उतरलेला बचावपटू कुणाचा मुलगा, त्याचा थोरला भाऊ कुठल्या जागेवर खेळायचा, त्याच्या गुडघ्याला काय झालं होतं, हे स्टँडमधल्या माणसाला ठाऊक असतं. असा माणूस सामना बघायला जातो तेव्हा तो आपल्याच घरातलं काहीतरी बघत असतो. याच मातीतून अनिकेत जाधवसारखा मुलगा वर आला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. खेळाडू घडवायला गर्दी लागते हे आम्ही म्हणतो ते यामुळेच. पंधरा वर्षांच्या पोराला हजार डोळ्यांसमोर चेंडू ताब्यात घ्यायची सवय लागते, ती कुठल्याही शिबिरात लावता येत नाही.

कोल्हापूरची दुसरी बाजूही आम्हाला माहीत आहे. ईर्ष्या वाढून हाणामाऱ्या झाल्या, सामने थांबले, पोलीस बोलवावे लागले. ती बाजू आम्ही घेणार नाही. पेठेचा अभिमान घेऊ, दगड घेणार नाही.

आता पुण्याकडे बघा. पुणे एफसी २००७ साली सुरू झाला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, मुलांची चांगली अकादमी चालवली, आणि २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. पाचेक वर्षांत बालेवाडीच्या मैदानावरून चार व्यावसायिक संघ पुसले गेले. मुंबईचा महिंद्रा युनायटेड तर २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता होता. त्यालाही २०१० मध्ये टाळं लागलं. विजेतेपद त्याला वाचवू शकलं नाही.

या संघांचे खेळाडू मन लावून खेळले, त्यांच्या प्रेक्षकांनीही मन लावून आरडाओरडा केला. त्यांच्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण संघ ठेवायचा की मिटवायचा, हे ठरताना त्या प्रेक्षकांना कुणी विचारलं नाही. तिकीट काढणाऱ्याचा हक्क नव्वद मिनिटांपुरताच होता. २००२ साली लंडनमध्ये विम्बल्डनचा क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायचं ठरलं, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी वेगळी वाट धरली. एएफसी विम्बल्डन हा आपला क्लब त्यांनी स्वतः उभा केला. उघड्या मैदानावर खेळाडूंची निवडचाचणी घेतली, पार खालच्या पातळीवरून सुरुवात केली, आणि नऊ वर्षांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये तो इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये पोचला. पहिल्या दिवसापासून त्यांच्या मैदानावर हजारो माणसं होती. तेव्हा त्या क्लबकडे ना खेळाडू होते, ना स्वतःचं मैदान, ना इतिहास. जी काही गोष्ट होती ती माणसांच्या मालकीची होती.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी या प्रश्नावर बराच विचार केलाय. सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलवर लिहिताना मांडलं, की निकालाची अनिश्चितता संपली की प्रेक्षक आटतो. त्या हिशेबाने पडत्या संघाचं मैदान ओस पडायला हवं. पण १९९८-९९ च्या हंगामात मँचेस्टर सिटी इंग्लंडच्या तिसऱ्या पातळीवर घसरलेला होता, तरी त्याच्या घरच्या सामन्यांना सरासरी २८ हजारांच्या आसपास माणसं येत होती. रॉटनबर्ग यांचा नियम तिऱ्हाइताला लागू पडतो. घरच्या माणसाला पडत नाही. देहूरोडमध्ये आम्हाला तिऱ्हाईत कमी आणि घरची माणसं जास्त हवी आहेत.

आपल्या गावाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण बाहेरून येणाऱ्याला देहूरोड म्हणजे हायवेवरचा एक थांबा आणि लोकलचं एक स्टेशन एवढंच वाटतं. आपली ही छावणी. २०११ च्या जनगणनेत ४९ हजारांच्या आसपास वस्ती. लष्कराच्या डेपोने आणि कारखान्याने देशभरातून माणसं इथे आणली. एका गल्लीत मराठी, तमिळ, मल्याळम, तेलुगू, हिंदी, पंजाबी ऐकू येते. मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा आणि विहार एकाच फेरीत बघून होतात. एवढ्या भाषांच्या गावात एकत्र ओरडण्याचं कारण फुटबॉलइतक्या सहज दुसरा कुठलाही खेळ देत नाही. बॉल एक, गोल दोन, नियम कुणालाही पाच मिनिटांत समजतात.

गर्दी जमवणं देहूरोडला शिकवावं लागत नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या दिवशी दरवर्षी धम्मभूमीवर माणसं येतात, लांबून येतात, स्वतःच्या खर्चाने येतात. त्यांच्या पाण्याची, जेवणाची, रांगेची व्यवस्था वस्तीतलीच पोरं बघतात. तुकोबांची पालखी आपल्या दारावरून आकुर्डीला जाते. १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी ती सुरू केली, आणि तेव्हापासून माणूस वाढतच गेलाय. वारीत कुणी नुसता बघ्या नसतो. वीणेकऱ्याला वीणा असते, टाळकऱ्याला टाळ, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईला तिची जागा ठरलेली असते, चोपदाराला त्याचं काम. दिंडीत आपला क्रम कितवा हे प्रत्येकाला माहीत असतं. जो आजारी पडून राहिला त्याची चौकशी होते. अशा ठिकाणी माणूस पुढच्या वर्षी परत येतोच, आणि येताना लेकाला आणतो. क्लब चालवणाऱ्यांनी वारीकडून शिकावं ते हे: प्रेक्षकाला जागा द्या, काम द्या, आणि तो आला नाही तर विचारा.

बर्लिनच्या युनियन क्लबने नेमकं हेच केलं. २००८-०९ मध्ये तो जर्मनीच्या तिसऱ्या पातळीवर होता, मैदान मोडकळीला आलं होतं आणि पैसा नव्हता. दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी मिळून सुमारे १ लाख ४० हजार तास अंगमेहनत केली आणि मैदान पुन्हा उभं केलं. २०१९ मध्ये तो क्लब जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये गेला. तिथल्या स्टँडच्या पायऱ्या ज्यांनी स्वतः ओतल्या ती माणसं संघ हरला म्हणून घरी बसतील का?

आमच्या गावाच्या शेजारी, गहुंज्याला, क्रिकेटचं मोठं स्टेडियम आहे. ३७ हजारांहून जास्त माणसं बसतील एवढं. २०१८ च्या एप्रिलमध्ये चेन्नईचे आयपीएल सामने तिथे हलवले गेले, तेव्हा खास रेल्वेगाडी भरून चाहते चेन्नईहून आले. हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास. त्यांची गाडी, तिकीट, जेवण, सगळ्याची कुणीतरी आखणी केली होती. आमच्या कित्येक तमिळ शेजाऱ्यांना ते दिवस अजून आठवतात. अंतर ही अडचण नसतेच, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. मग दहा मिनिटांच्या चालीवरचं मैदान लांब का वाटतं? कारण तिथे कधी सामना आहे हे कुणी सांगत नाही. सांगितलं तरी वेळ पाळीत बसत नाही. वेळ जमली तरी तिथे बाईमाणसाला बसायला सावली नाही, प्यायला पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. आणि गोल कुणी मारला हे विचारायचं तर कुणाला, तेही कळत नाही.

या अडचणी पैशाच्या कमी आणि काळजीच्या जास्त आहेत. म्हणून त्या आम्ही आमच्या अंगावर घेतो.

घरच्या प्रत्येक सामन्याआधी आमची माणसं वस्तीवस्तीत जाऊन सांगतील. भ्रमणध्वनीवर निरोप टाकून भागणार नाही, दारात जाऊन सांगायचं. सामन्याची वेळ क्लबने आमच्याशी बोलून ठरवावी. कंपन्यांची सुट्टी कुणाची गुरुवारी, कुणाची रविवारी. पहिली पाळी सुटून माणूस घरी येतो, जेवतो, तेव्हा कुठे तो मैदानावर येणार. तळेगाव, वडगाव, कामशेतहून येणाऱ्या पाहुण्या संघाला आणि त्यांच्या लोकांना दुपारच्या लोकलचा खंड लक्षात घेऊन वेळ द्यावी लागेल. मैदानावर फक्की मारणं, नेट बांधणं, लाइनीच्या बाहेर गेलेला बॉल आणून देणं, पाण्याचे पिंप भरणं, पाहुण्या संघाला बसायची जागा दाखवणं, ही कामं आम्ही वाटून घेऊ. आठवी-नववीतल्या पोरापोरींना त्यात पहिला मान. ज्या मुलीने आज बॉल आणून दिला ती दोन वर्षांनी किट घालून उतरेल, असा आमचा भरवसा आहे.

मुलींचा विषय आम्ही शेपटाला ठेवणार नाही. २०२२ मध्ये आशियाई महिला चषकाचा जपान-चीन उपांत्य सामना आपल्या जवळच्या बालेवाडीत झाला. आशियातल्या सर्वांत चांगल्या खेळाडू आपल्या जिल्ह्यात खेळून गेल्या. त्यांच्यासारखं खेळू इच्छिणाऱ्या देहूरोडच्या मुलीला आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान मिळालं पाहिजे, आणि तिचा सामना असेल तेव्हा कडेला तेवढीच माणसं उभी असली पाहिजेत. मुलांच्या सामन्याला येणाऱ्या प्रत्येकाने मुलींच्याही सामन्याला यायचं. यात सवलत नाही.

ध्वनिक्षेपकावरून खेळाडूंची नावं मराठीत आणि तमिळमध्ये पुकारली जातील. नुसतं नाव नाही, वस्तीही. कोण कुठल्या गल्लीतला, हे कळलं की ती गल्ली येते. जुने खेळाडू, ज्यांनी डेपोच्या, शाळांच्या संघांतून मैदानं गाजवली, त्यांना दर सामन्याला बोलावून पुढे बसवू. आज ते रस्त्याने जातात तेव्हा पोरं ओळखत नाहीत. ही आम्हाला सगळ्यांत जास्त सलणारी गोष्ट आहे. प्रत्येक सामन्याची नोंदवही ठेवू: तारीख, संघ, गोल, पाऊस होता की ऊन, आणि किती माणसं आली. आकडा खरा लिहू. वीस आली तर वीस.

संघ हरला तरी शेवटची शिट्टी होईपर्यंत कुणी हलणार नाही. खेळाडू हात मिळवून बाहेर येतील तेव्हा टाळ्या वाजतील, दोन्ही संघांसाठी. रेफ्रीला, पाहुण्यांना, कुणाच्या जातीवरून, धर्मावरून, भाषेवरून शिवी देणारा आमचा नाही. दारू पिऊन आलेला त्या दिवशी घरी जाईल. पैज लावणाऱ्याला मैदानावर जागा नाही. हलगी वाजेल, ताशा वाजेल, घसा बसेपर्यंत ओरडणं होईल.

क्लबकडून आम्ही चषक मागत नाही. हिशेब मागतो. वर्षातून एकदा मैदानावर सगळ्यांसमोर जमाखर्च वाचून दाखवावा. घरटी थोडी वर्गणी घ्यावी आणि वर्गणी देणाऱ्याला मत द्यावं, श्रीमंताला आणि गरिबाला एकच. मोठा देणगीदार आला तर त्याचं स्वागत आहे. त्याचं नाव फ्लेक्सवर लावू, पण क्लबचं नाव, रंग आणि मैदान विकलं जाणार नाही. ते बदलायचं झालं तर मत देणाऱ्या सगळ्यांनी ठरवायचं. संघात गावची पोरं असावीत. बाहेरचा चांगला खेळाडू आला तर त्याने इथे राहावं, आम्हाला ओळखावं. एका सामन्यापुरता येऊन पाकीट घेऊन जाणारा नको.

लष्कराकडे आणि छावणी परिषदेकडे आमची एकच मागणी आहे, ती मैदानाची. इथली बरीचशी जमीन संरक्षण खात्याची आहे. तिची सुरक्षितता आम्ही जाणतो, तिथे काम करणारे आमचेच आई-बाप आहेत. पण फुटबॉलसाठी ठरलेले वार आणि ठरलेल्या वेळा वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी मिळाव्यात. ऐनवेळी मैदान मिळत नाही तेव्हा जमवलेली माणसं परत जातात, आणि परत गेलेला माणूस पुन्हा आणायला हंगाम लागतो. छावण्यांचा नागरी भाग पालिकांमध्ये नेण्याची चर्चा देशभर चालू आहे, आपल्याकडेही आहे. काय व्हायचं ते होवो. पण आज जिथे पोरं खेळतात ती जागा नव्या नकाशात मैदान म्हणूनच दाखवली जावी. त्यावर पार्किंग, मंगल कार्यालय किंवा पैसे मोजून खेळायचं टर्फ उभं राहू लागलं तर आम्ही सगळे तिथे असू, सामन्याला येतो तसेच, बायकापोरांसह.

पुण्यात जाऊन खेळायच्या सामन्यांना आम्ही लोकलने जाऊ. जिल्ह्याच्या लीगमध्ये देहूरोडचा संघ उतरला आणि कडेला त्याचं एकही माणूस नव्हतं, असं यापुढे होणार नाही.

संघ खालच्या विभागात घसरला तर आम्ही खालच्या विभागात येऊ. वर गेला तर वर येऊ. येताना शेजाऱ्याला घेऊन येऊ.

या जाहीरनाम्याखाली सही करायला वय, शिक्षण, भाषा, खेळाचं ज्ञान यातलं काहीच लागत नाही. पुढच्या दोन घरच्या सामन्यांना यायचं आणि त्यातल्या एकाला कुणालातरी सोबत आणायचं, एवढी एक अट आहे. सह्यांची वही घरच्या पुढच्या सामन्याला मध्यंतरात गोलपोस्टच्या मागे ठेवलेली असेल. कामांची वाटणी सामना संपल्यावर तिथेच होईल. फक्की मारायला सकाळी लवकर चार माणसं हवी आहेत, आणि नेट शिवायला येणारं कुणी असेल तर त्याने सुई-दोरा घेऊन यावं.